जयकरांचा ताहर आणि वुरय्याचं पाणी

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून भाचा आला होता. हा आमचा भाचा म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातूनच पाठीला सॅक लावून निघणाऱ्या जमातीतला. यायच्या आधीच फोनवर विचारून झालं होतं, "मामा, बुर्ज-बिर्ज ठीक आहे, पण तुझ्याकडे डोंगर आहेत का?" अमिरातीबद्दल आपल्याकडच्या मंडळींच्या ज्या ठाम समजुती असतात (वाळू, सोनं, उंट, पुन्हा वाळू) त्या बघता प्रश्न चांगलाच म्हणायचा. आहेत रे बाबा, डोंगर आहेत. देशाच्या पूर्वेच्या अंगाला, ओमानच्या आखाताला समांतर अशी हजर नावाची रांग उभी आहे. हजर म्हणजे अरबीत दगड. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नाही, पण एकदा बघितलं की दुसरं नाव सुचतही नाही. झाड नाही, माती नाही, नुसता तापलेला दगड. उत्तरेकडे रास अल खैमात त्याची टोकं १९०० मीटरच्या घरात जातात, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर.

पण डोंगर दाखवायच्या आधी आम्ही गेलो अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयात, आणि तिथे एका शेळीसारख्या प्राण्यापुढे भाचेबुवा थबकले. तांबूस करडे केस, मागे वळलेली आखूड शिंगं, नराला मानेवर आयाळ, उंची जेमतेम दोन फूट. पाटीवर शास्त्रीय नाव होतं: अरेबिट्रॅगस जयकरी.

"मामा, हे जयकर म्हणजे आपल्यातले जयकर?"

होय. आपल्यातलेच.

आत्माराम सदाशिव जयकर. जन्म १८४४, गाव मुंबई. डॉक्टर होऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेले आणि नेमणूक झाली मस्कतला, ब्रिटिश एजन्सीचे सर्जन म्हणून. एकोणिसाव्या शतकाचा जवळजवळ सगळा शेवटचा पाव हिस्सा त्यांनी तिथे काढला. मस्कतचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वाक्य पुन्हा वाचावंसं वाटेल. वातानुकूलन सोडाच, विजेचा पंखाही नाही. अशा ठिकाणी या माणसाने दवाखाना सांभाळला, मधूनमधून पोलिटिकल एजंटचा कारभार पाहिला, ओमानी बोलीवर निबंध लिहिला, ओमानी म्हणी गोळा केल्या, अरबीतल्या एका जुन्या प्राणिकोशाचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि उरलेल्या वेळात मासे, सरडे, साप बाटल्यांत भरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत राहिले. एक समुद्रघोडा, एक सरडा, एक वाळूतलं मांडूळ, कितीतरी मासे, सगळ्यांच्या नावांत आज 'जयकरी' आहे. ओमानच्या डोंगरातून त्यांच्याकडे आलेल्या या ताहरचं वर्णन ओल्डफिल्ड थॉमस या म्युझियममधल्या प्राणिशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलं.

थॉमसने त्याला हिमालयातल्या आणि निलगिरीतल्या ताहरांच्या गोत्रात बसवलं होतं. शंभर वर्षांहून जास्त काळ ते तसंच चाललं. मग २००५ मध्ये डीएनए तपासल्यावर लक्षात आलं की हा त्यांचा भाऊबंद नव्हेच, याचं नातं उत्तर आफ्रिकेतल्या रानमेंढीशी जास्त जवळचं. म्हणून त्याला स्वतंत्र कुळ दिलं, अरेबिट्रॅगस. कुळ बदललं, आडनाव मात्र जयकरांचंच राहिलं! सगळ्या जगात हा प्राणी फक्त ओमान आणि अमिरातीच्या डोंगरांत आहे, आणि आता त्यांची संख्या काही हजारांच्या पलीकडे नाही.

एवढं पुराण सांगायचं कारण म्हणजे या जनावराची एक खोड. आपल्याकडच्या चिंकाऱ्यासारखं ते पाण्यावाचून राहू शकत नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी त्याला कड्यावरून उतरून पाण्यावर यावंच लागतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात किंवा मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना ज्यांनी केली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. रात्रभर हलायचं नाही, बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, कारण पाण्यावर माणूस आहे असं कळलं की जनावर येत नाही. सह्याद्रीत पाणवठा चुकला तर दुसरा असतो. हजरमध्ये पुढचं पाणी तीन डोंगर ओलांडून असेल, आणि नसेलही.

आता वुरय्या.

फुजैरा ही सात अमिरातींपैकी एकच अशी की जिचा सगळा किनारा ओमानच्या आखातावर आहे. तिच्या डोंगरात मसाफी, खोर फक्कान आणि बिदिया या तीन गावांच्या मध्ये वादी वुरय्या नावाचं खोरं आहे. (इंग्रजी पाट्या वाचून आम्ही सगळे 'वाडी' म्हणतो, आणि मग सावंतवाडी, भिलवडी असे विनोद होतात. अरबीतली वादी म्हणजे डोंगरातलं कोरडं नदीपात्र.) ही वादी मात्र कोरडी नाही. इथला खडक म्हणजे खरं तर समुद्राचा तळ आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा जमिनीवर ढकलला गेला आणि त्याचे डोंगर झाले. भूशास्त्रवाले त्याला ओफिओलाइट म्हणतात. हा खडक सगळीकडून भेगाळलेला. वर्षात जो काय चार दिवस पाऊस पडेल तो या भेगांत मुरतो आणि खाली झरे होऊन महिनोन् महिने बाहेर पडत राहतो. त्यातून डोह आणि एक बारमाही धबधबा. उंची विचारू नका, ठोसेघरचा माणूस हसेल. पण या देशात बारा महिने पडणारा धबधबा हा असा एकच.

त्या पाण्यात बोटाएवढे मासे आहेत, बेडकं आहेत, काठावर कण्हेर आणि बोरू आहे, आणि अमिरातीतलं एकमेव रानटी ऑर्किड आहे. भोवती वाळवंट असताना!

आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची (२०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली). तीन कुटुंबं, दोन गाड्या, पोळ्यांचे डबे, कणसं आणि कोळशाची शेगडी. वादीत पोचलो तर आमच्या आधी शंभरेक माणसं. कुठे पेशावरकडच्या ट्रकवाल्यांची बिर्याणी शिजत होती, कुठे केरळी मंडळी डोहात उतरली होती, अरब कुटुंबं गालिचे अंथरून बसली होती. मला तो देखावा फार आवडला होता, हे कबूल करतो. या देशात सगळ्या थरांतली माणसं एकाच ठिकाणी, पैसे न देता, एकाच पाण्यात पाय सोडून बसलेली दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. मॉलमध्ये तर नाहीच.

आम्ही काठावर शेगडी मांडली. कणसं भाजली. निघताना निखारे पाण्यालगतच्या खडकावर ओतले, विझले की पावसात जातील म्हणून. पाऊस! भांडी तिथेच वाहत्या पाण्यात घासली, भांड्यांच्या साबणाने. पांढरा फेस खालच्या डोहाकडे जाताना मुलं टाळ्या वाजवत होती. पुढच्या वर्षी परत गेलो तर खडकावरचा आमचा काळा डाग जसाच्या तसा होता. भोवती आणखी वीस-पंचवीस होते. वरच्या कड्यावर तेलरंगाने लिहिलेली नावं होती, अरबी, उर्दू, मल्याळम, आणि हो, एक देवनागरीतही. रायगडावर असली नावं बघून आम्ही किती तावातावाने बोललो असू!

ताहर दिसला का? अर्थातच नाही. तो यायचा तिथे आम्ही कणसं भाजत बसलो होतो.

त्याच सुमाराला आमच्या नकळत दुसरं काहीतरी चाललं होतं. २००१ मध्ये अबू धाबीत एमिरेट्स वाइल्डलाइफ सोसायटी स्थापन झाली होती, जागतिक वन्यजीव निधीच्या जोडीने काम करणारी. (आता तिचं नाव एमिरेट्स नेचर.) २००६ मध्ये त्यांनी फुजैरा नगरपालिकेबरोबर वुरय्याची पाहणी केली. वाटांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले आणि त्यांत ताहर आला. म्हणजे आम्ही शुक्रवारी पाण्यावर, आणि तो आडवारी रात्री! मार्च २००९ मध्ये फुजैराचे शासक शेख हमद बिन मोहम्मद अल शर्की यांनी फर्मान काढून सव्वाशे चौरस किलोमीटरहून थोडं जास्त खोरं संरक्षित म्हणून जाहीर केलं. डोंगरातलं हे देशातलं पहिलं संरक्षित क्षेत्र. २०१० मध्ये ते रामसर यादीत गेलं. इराणातल्या रामसर गावी १९७१ मध्ये पाणथळ जागांसाठी जो करार झाला, त्याची ही यादी. महाराष्ट्रातलं पहिलं नाव, नांदूर मधमेश्वर, त्यात २०२० मध्ये लागलं. या बाबतीत फुजैरा आपल्या दहा वर्षं पुढे.

फर्मान निघालं, पण शुक्रवारची गर्दी काही फर्मान वाचत नाही. उलट २०११ मध्ये दुबई-फुजैरा शेख खलिफा महामार्ग खुला झाला आणि दोन तासांचा घाटरस्ता तासाभरावर आला. मी इंजिनियर आहे, रस्त्याचं मला कौतुकच वाटतं. पण आपण रस्त्याचा हिशेब करतो तो किती गाड्या, किती मिनिटं वाचली असा. त्या रस्त्याच्या टोकाला पाण्याचं एक डबकं आहे आणि त्याची क्षमता किती माणसांची, हा आकडा कुठल्याच आराखड्यात नसतो.

डिसेंबर २०१३ मध्ये वादी वुरय्या लोकांसाठी बंद झाली. पाणी, झाडं, जनावरं सावरू देत आणि मग नीट व्यवस्था करून उघडू, असं सांगण्यात आलं. पुढची कित्येक वर्षं ती बंदच राहिली.

आमच्या मित्रमंडळात तेव्हा जे बोलणं झालं ते आपल्या लोकांना ओळखीचं वाटेल. एक म्हणाला, बरं झालं, लायकीच नाही लोकांची. दुसरा म्हणाला, घाण करणारे दहा टक्के आणि शिक्षा सगळ्यांना. मी दुसऱ्याच्या बाजूने होतो, आणि मनात खडकावरचा तो काळा डाग होता.

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं की बंद करणं बरोबर होतं. कारण भांडण जागेचं नव्हतं, पाण्याचं होतं. सव्वाशे चौरस किलोमीटर डोंगरात माणसं चालल्याने ताहरचं फार बिघडत नाही, तो आपल्याला बघून कडा चढून जातो. पण उन्हाळ्यात पाण्यावर येता आलं नाही तर तो चढून जाणार कुठे? आणि आम्हाला सगळ्यांना हवं होतं ते नेमकं तेच पाणी. खोरं कुणालाच नको होतं, सगळ्यांना डोह हवा होता.

गिर्यारोहकांचा इथे फारसा संबंध नाही, हेही सांगायला हवं. जगभर याबाबतीत पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. अमेरिकेत तर १९६४ च्या वन्यभूमी कायद्याखालच्या कड्यांवर चढाईचे खिळे ठोकावेत की नाही यावर अलीकडेपर्यंत वाद चालला होता. पण वुरय्याचा ओफिओलाइट इतका ठिसूळ की त्याला दोर लावून चढणं म्हणजे आत्महत्या. चढाई करणाऱ्यांचा खडक उत्तरेला आहे, रास अल खैमात, चुनखडीचा, घट्ट. तिथल्या डोंगरांना रुऊस अल जिबाल म्हणतात, म्हणजे डोंगरांची डोकी. वादी बिह आणि आसपासच्या कड्यांवर परदेशी नोकरदारांनी हळूहळू शेकडो मार्ग शोधले आणि २००९ मध्ये टोबी फोर्ड-केल्सीचं मार्गदर्शक पुस्तकही निघालं. निसर्गानेच खडकाची अशी वाटणी केल्यामुळे दोर घेतलेला माणूस आणि वुरय्याचा ताहर यांची गाठ पडत नाही. गाठ पडते ती शेगडी घेतलेल्या माणसाची.

त्या उत्तरेच्या डोंगरातली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'स्वर्गाची शिडी' नावाची तिथे एक प्रसिद्ध वाट आहे. भलत्या उभ्या कड्यावरून जाते, आणि अवघड ठिकाणी दगड रचून केलेल्या पायऱ्या लागतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणा गिर्यारोहण क्लबचं काम असेल. छे! त्या शिहू लोकांच्या. शिहू म्हणजे हातात कुऱ्हाडीची काठी घेऊन हिंडणारी इथली डोंगरी जमात. वर कड्यांवर त्यांची दगडी घरं आहेत, पावसाचं पाणी अडवून केलेली बांधाची शेतं आहेत. 'बैत अल कुफ्ल', म्हणजे कुलपाचं घर, अशी एक खास जात आहे. अर्धं जमिनीत खणलेलं, जाड भिंतींचं, दार एवढंसं. आत धान्याचे रांजण, ते दारापेक्षा मोठे, म्हणजे आधी रांजण ठेवायचे आणि मग घर बांधायचं. उन्हाळ्यात खाली खजुराच्या बागांत उतरताना धान्य आत ठेवून कुलूप लावायचं. आम्ही ज्याला निर्मनुष्य रान म्हणून भारावून बघतो, ते कुणाचं तरी कुलूप लावलेलं घर आहे. हरिश्चंद्रगडाच्या अभयारण्यात पाचनईच्या महादेव कोळ्यांकडे पिठलं-भाकरी खाताना हे आपल्याला जाणवायला हवं, जाणवत नाही.

आणि राखीव रान ही कल्पनाही इथे साहेबाने आणलेली नाही. अरबस्तानात इस्लामच्या आधीपासून 'हिमा' असे. एखादं कुरण किंवा वादी ठरावीक काळ सगळ्यांना बंद, चराई नाही, लाकूडतोड नाही, आणि दुष्काळात ठरवून उघडायची. आपल्या देवराईची चुलतबहीणच म्हणा, फक्त देवाच्या जागी टोळीचा निवाडा. हिमा बंद होत असे, पण ती उघडायची कधी हेही ठरलेलं असे. वुरय्याच्या बंदीत मला खटकलं ते हेच. कुलूप लागलं, पण किल्लीची तारीख कुणी सांगितली नाही.

आपल्याकडे असं झालं असतं तर केवढा गोंधळ! जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन तात्पुरतं बंद केलं तेव्हा काय झालं आठवा. गाईड, जिप्सीवाले, हॉटेलवाले, वाघवाले, वाघविरोधी, सगळे वर्तमानपत्रांत भांडले आणि ऑक्टोबरात नवे नियम घालून दारं उघडली. तेव्हा मला तो तमाशा वाटला होता. वुरय्या बंद झाली तेव्हा कुठेही काही झालं नाही. एक बातमी आली आणि संपलं. काम झटपट झालं हे खरं, पण तमाशात निदान नियम काय हवेत याची चर्चा झाली होती.

या मधल्या काळात देशात बाकी ठिकाणी इतर तऱ्हा करून बघितल्या गेल्या. दुबई शहराच्या मधोमध रास अल खोर आहे. १९९८ पासून संरक्षित, २००७ मध्ये रामसर यादीत. हजारो रोहित पक्षी, मागे बुर्ज खलिफा, आणि माणसांसाठी लाकडी आडोसे. आडोशात उभं राहायचं, दुर्बिणीतून बघायचं, फुकट. मला ही पद्धत सगळ्यात आवडते. इथे माणूस पिंजऱ्यात आणि पक्षी मोकळे. दुसरी तऱ्हा दुबईच्याच वाळवंटातल्या राखीव क्षेत्राची. सव्वादोनशे चौरस किलोमीटरला कुंपण, आत अरबी ओरिक्स पुन्हा सोडलेले, आणि आत जायचं तर मोजक्या सहल कंपन्यांबरोबर किंवा १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल महा या उंची हॉटेलात उतरून. जनावरांचं भलं झालं यात शंका नाही, ओरिक्सचे कळप मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण दरवाजा आहे तो किमतीचा. रास अल खैमात जेबेल जैसवर २०१६ मध्ये लोखंडी शिगा आणि तारा ठोकलेली चढाईची वाट झाली आणि २०१८ मध्ये २.८३ किलोमीटरची झिपलाइन, जगातली सगळ्यात लांब म्हणून नोंद झालेली. तिकीट काहीशे दिरहम. वुरय्याच्या डोहात पाय सोडून बसलेला तो ट्रकवाला तिथे जाणार नाही. त्याचा धबधबा बंद झाला आणि त्याच्या जागी त्याला काही मिळालं नाही. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, पण त्या चढायला निदान काहीशे दिरहम लागत नाहीत!

पावसाळ्यातल्या बंदीचं मात्र इकडे-तिकडे सारखंच आहे. आपल्याकडे जिल्हाधिकारी धबधब्यांवर जमावबंदी लावतात. इथे २०२३ पासून पाऊस चालू असताना वाद्यांजवळ किंवा धरणांजवळ गर्दी केली तर १००० दिरहम दंड, आणि पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २००० दिरहम आणि गाडी ६० दिवस जप्त. हे माणसांच्या जिवासाठी आहे, ताहरसाठी नव्हे, आणि मला त्यात तक्रार दिसत नाही. पुराचं पाणी या भेगाळ दगडातून कसं येतं ते मी एकदा लांबून पाहिलं आहे.

आता माझी दुसरी अडचण सांगतो. या डोंगरांची माहिती आपल्याला आहे ती कुणामुळे? डॉक्टर जयकरांमुळे, ज्यांचं काम नाडी बघण्याचं होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीला अल ऐनजवळ शेख झायेदचा पाहुणा होऊन राहिलेल्या विल्फ्रेड थेसिजरमुळे, ज्याच्यासाठी हफीत डोंगरावर ताहर मारले गेले. (दोघांनाही जनावर मिळालं ते मेलेलं. शिकारीवर देशाचा कायदा यायला १९८३ साल उजाडलं.) मग १९७७ मध्ये अबू धाबीत परदेशी नोकरदारांनी काढलेल्या नॅचरल हिस्टरी ग्रुपमुळे. मराईके योंगब्लुड या डच डॉक्टरबाईंमुळे, ज्यांनी १९९३ मध्ये अरबी बिबट्यासाठी ट्रस्ट काढला आणि ज्यांच्या खटपटीतून शारजाचं प्रजननकेंद्र उभं राहिलं. गॅरी फ्युलनर या दुबईतल्या अमेरिकन वकिलामुळे, ज्याने सुट्टीच्या दिवशी चालत चालत हे डोंगर पालथे घातले आणि वुरय्यातल्या दोनशेहून जास्त वनस्पतींची यादी केली. २०१३ मध्ये याच वादीत उरोथेमिस थोमासी नावाचा एक दुर्मीळ चतुर देशात पहिल्यांदा नोंदला गेला, त्या नोंदीतही फ्युलनर आहेच.

यादी बघा. दोन डॉक्टर, एक भटक्या, एक वकील, बाकी हौशी नोकरदार. पगारी तज्ज्ञ नंतर आले. सगळे बाहेरचे, सगळे सुट्टीत चालणारे. यांना कुणी दार लावलं असतं तर राखायचं काय आहे हेच कळलं नसतं. बंदीनंतरही वुरय्यात माणसं जात राहिली, पण निवडून. अर्थवॉच या संस्थेच्या कार्यक्रमातून एका मोठ्या बँकेचे कर्मचारी येत आणि रात्री बॅटऱ्या घेऊन बेडकं मोजत, पाणी तपासत. मी हसलो होतो तेव्हा, बँकवाले आणि बेडकं म्हणून. पण नंतर पटलं. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला डोह हवा असतो, काम घेऊन आलेला बेडूक बघून परत जातो.

२०१८ मध्ये युनेस्कोने वादी वुरय्याला जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली. १९७० च्या दशकात निघालेल्या या कल्पनेत जमिनीचे तीन पट्टे पाडतात. मध्ये गाभा, तिथे कुणी नाही. त्याभोवती दुसरा, तिथे अभ्यास, शिक्षण, बेताने फिरणं. बाहेर तिसरा, तिथे गावं, शेती, रोजचे व्यवहार. कागदावर ही माझ्या दोन्ही अडचणींची सोडवणूक आहे. उन्हाळ्यातले चार महिने डोह ताहरचा आणि थंडीत दिवसाला पन्नास माणसं, शेगडी नाही, साबण नाही, अशी एखादी साधी व्यवस्था यात सहज बसते. उन्हाळ्यात ४५ अंशांत तिथे जायची हौस तशीही कुणाला नसते!

भाच्याला हे सगळं मी हफीत डोंगराच्या माथ्यावर सांगितलं. अल ऐनच्या डोक्यावरचा हा सुटा डोंगर. वरपर्यंत रुंद गुळगुळीत रस्ता आहे, वर गाड्यांचा तळ, चहाचे कप, सिगारेटी, मोठ्याने गाणी. २०१७ मध्ये तोही राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला, आणि २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात शशकर्ण, म्हणजे कॅरॅकल, तब्बल पस्तीस वर्षांनी सापडला. गाड्यांच्या तळाखालच्याच उतारावर कुठेतरी तो फिरत असेल. भाचा कठड्याला टेकून अंधार पडेपर्यंत दुर्बीण लावून बसला. दिसलं काहीच नाही. शेवटी दोन गाढवं दिसली.

परत गेल्यावर महिन्याभराने त्याचा फोटो आला, वासोट्याहून. कोयना अभयारण्यातला किल्ला, त्यामुळे परवानगी काढून जायचं, मुक्काम करायचा नाही, दिवस मावळायच्या आत परत. चौकीवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून लिहून घेतात आणि अनामत ठेवतात. त्याने पावतीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "मामा, सात नेल्या, सात आणल्या, पैसे परत मिळाले. तुमच्या वुरय्याला हे का नाही जमणार?"

मी त्याला उत्तरादाखल आमचा एक जुना फोटो शोधून पाठवला. तीन कुटुंबं, धबधबा, मधे शेगडी.